हिवाळ्यात पोसाल तेवढ्याच गायी

२०१७च्या डिसेंबरात बऱ्याच जणांच्या फोनवर एक फॉरवर्ड येऊन गेला असेल. मागे बर्फाचा डोंगर, पुढे लाकडी घरं आणि खाली मजकूर: स्वित्झर्लंडच्या या गावात राहायला जा, सरकार पैसे देतंय! बातमी अगदीच थाप नव्हती. आल्बिनेन नावाच्या जेमतेम अडीचशे वस्तीच्या गावाने ठराव केला होता की, इथे येऊन घर करणाऱ्या मोठ्या माणसाला २५,००० आणि प्रत्येक मुलामागे १०,००० फ्रँक द्यायचे. नवरा-बायको आणि दोन मुलं म्हटली की झाले ७०,००० फ्रँक, तेव्हाच्या दराने पंचेचाळीस लाखांच्या घरात. फॉरवर्ड होता होता अटी मात्र गळून पडल्या. वय ४५च्या आत हवं, घरात निदान दोन लाख फ्रँक गुंतवायला हवेत, दहा वर्षं तिथेच राहायला हवं, आणि माणूस स्विस नागरिक किंवा तिथला कायमचा रहिवासी हवा. म्हणजे डोंबिवलीहून बॅग भरण्यात काही अर्थ नव्हता.

त्या मजकुरातली खरी चूक अटींची नव्हतीच, ती ‘सरकार’ या शब्दात होती. पैसे सरकार देत नव्हतं, गाव देत होतं. गावातल्या लोकांनी सभेत बसून, स्वतःच्या तिजोरीतून द्यायचे ठरवले होते. अडीचशे माणसांच्या गावाकडे असा अधिकार आणि असा पैसा कुठून येतो, हे कळलं तर स्वित्झर्लंड नावाचा देश निम्मा कळतो. त्यासाठी आल्बिनेनपेक्षा चांगलं उदाहरण त्याच कँटनमध्ये, थोडं पूर्वेला आहे. गावाचं नाव टोर्बेल. पहिल्या अक्षराचा उच्चार ओकार आणि एकार यांच्या मध्ये कुठेतरी होतो आणि आपल्या जिभेला तो जरा जड जातो. गावकरी स्वतः बोलीत ‘तेर्बिल’ म्हणतात. वस्ती पाचशेच्या आसपास. पर्यटकांच्या यादीत हे गाव सहसा नसतं, पण अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आहे, आणि तेही गायींमुळे.

आधी गाव म्हणजे काय ते पाहू.

स्वित्झर्लंडमध्ये २६ कँटन आहेत, आपल्या राज्यांसारखे. त्यांच्या खाली सुमारे २,१०० नगरपालिका-ग्रामपंचायती. दोन्हींना शब्द एकच, ‘गेमाइंडे’. झुरिक शहर ही गेमाइंडे आणि टोर्बेलही गेमाइंडेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या ३,२००च्या आसपास होत्या. लहान गावं एकमेकांत विलीन होत गेल्याने आकडा उतरत आला आहे, अजूनही उतरतो आहे. प्राप्तिकर तीन ठिकाणी भरायचा असतो: देशाला, कँटनला आणि गेमाइंडेला. गेमाइंडे आपला दर बऱ्याच अंशी स्वतः ठरवते, त्यामुळे तेवढ्याच पगारावर शेजारच्या गावात वेगळा कर बसू शकतो. लहान गावांत निवडून दिलेले चार-पाच जण कारभार बघतात, पण अंदाजपत्रक आणि हिशेब गावसभेपुढेच मंजूर व्हावे लागतात. वालिस कँटनमध्ये, म्हणजे जिथे टोर्बेल आहे तिथे, या सभेला ‘उरफरझाम्लुंग’ म्हणतात. वर्षातून निदान दोनदा ती भरते. (वालिस हे जर्मन नाव. फ्रेंच बोलणारे याच कँटनला व्हाले म्हणतात. नकाशात दोन नावं दिसली तर गोंधळू नका.)

याहून गंमतीची गोष्ट पासपोर्टात आहे. आपल्या पासपोर्टावर जन्मस्थान लिहिलेलं असतं. स्विस पासपोर्टावर ते नसतं, तिथे ‘हायमाटोर्ट’ असतो, म्हणजे मूळगाव. माणूस जिनिव्हात जन्मलेला असेल, आजोबांच्या गावी त्याने पाऊलही टाकलेलं नसेल, तरी पासपोर्टावर त्या गावाचं नाव येतं. कारण तिथलं नागरिकत्व वरून खाली येत नाही, खालून वर जातं. माणूस आधी एका गावाचा, त्यामुळे कँटनचा, आणि त्यामुळे देशाचा. परदेशी माणसाला नागरिक व्हायचं असेल तर देश, कँटन आणि गाव तिघांचाही होकार लागतो. काही गावांत तर अर्जदार नागरिक व्हायला लायक आहे का यावर लोक गुप्त मतदान करायचे. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं, कारण नकार द्यायचा तर कारण द्यायला हवं आणि मतपेटी कारण देत नाही. तरी काही ठिकाणी गावसभा अजूनही हात वर करून मत देते. आरगाऊ कँटनमधल्या एका बाईंना त्यांच्या गावाने दोनदा नकार दिला होता. त्यांनी गायींच्या गळ्यातल्या जड घंटांविरुद्ध मोहीम चालवली होती, हे लोकांना झोंबलं होतं. शेवटी कँटनने मध्ये पडून त्यांना नागरिकत्व दिलं.

गाव एवढं महत्त्वाचं का झालं? टोर्बेलच्या डोंगरावर चढलं की याचं बरंचसं उत्तर मिळतं.

झेरमाटला मॅटरहॉर्न बघायला जाणारे मराठी पर्यटक टोर्बेलच्या खालून जातात, फक्त त्यांना पत्ता नसतो. ऱ्होन नदीच्या काठी फिस्प नावाचं गाव आहे, उंची ६५० मीटर. तिथून छोटी गाडी दक्षिणेकडे खोऱ्यात शिरते. हा रेल्वेमार्ग १८९१ सालचा. थोड्या वेळाने श्टाल्डेन येतं, जिथे खोऱ्याला दोन फाटे फुटतात, एक झासकडे आणि एक झेरमाटकडे. श्टाल्डेनच्या वर, उजव्या हाताच्या डोंगरावर, रुळांपेक्षा सातशे मीटर उंच टोर्बेल आहे. म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटर. घरं लार्चच्या लाकडाची, उन्हाने भाजून काळपट-तांबडी झालेली. मधूनमधून लाकडी कोठारं दिसतात, ती जमिनीवर टेकलेली नसतात. खाली लाकडी खांब, खांबाच्या डोक्यावर गरगरीत चपटा दगड, भाकरीसारखा, आणि दगडावर कोठार. उंदीर खांबावरून चढतो, दगडाच्या खालच्या बाजूला येतो आणि तिथून पुढे त्याला उलटं लटकत जाता येत नाही. संपला विषय. विष नाही, सापळा नाही.

या भागात पाऊस फार कमी. उत्तरेला बर्नचे आल्प्स, दक्षिणेला इटलीच्या सीमेवरची चार हजार मीटरची शिखरं, आणि मधलं खोरं दोन्हीकडून पर्जन्यछायेत. श्टाल्डेनच्या परिसरात वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ मिळून पडतो, आणि देशातल्या सगळ्यात कोरड्या भागांत त्याची गणना होते. स्वित्झर्लंड म्हटलं की डोळ्यांपुढे येणारं ते ओलं हिरवं गवत इथे आपोआप उगवत नाही. पाणी आणावं लागतं. वरच्या ओढ्यांना बांध घालून, कड्याच्या कडेकडेने पाट काढून, मैलोगणती आणावं लागतं. या पाटांना स्थानिक शब्द ‘झुओने’. टोर्बेलसाठी ऑग्स्टबोर्डच्या खोऱ्यातून असा एक पाट निघतो. जिथे कडा सरळ तुटलेला असेल तिथे लाकडाच्या पन्हाळी खडकाला टांगायच्या. वसंतात बर्फ वितळलं की त्यांची डागडुजी करायची, आणि दर वर्षी कुणीतरी दोरावर लटकून ती करायची.

आता विचार करा, असा पाट एकटा शेतकरी काढू शकेल का? काढला तरी टिकवू शकेल का? म्हणून पाट सामायिक, आणि पाणी पाळीने. कुणाची पाळी कधी आणि किती वेळ, हे वालिसच्या वरच्या भागात लाकडाच्या काठ्यांवर कोरून ठेवायचे. प्रत्येक घराची एक खूण असायची, दोन फुल्या, एक बाण, एक रेघ आणि टिंब अशी काहीतरी. काठीवर ती खूण आणि तिच्या शेजारी खाचा. खाच म्हणजे पाण्याचा वाटा. ही काठी हेच दप्तर. वाचता येत नसलं तरी कुणालाही कळणारं, आणि मागाहून एक खाच वाढवली तर दहा जणांना दिसणारं. पाणी विकलं, वाटणीत गेलं, तर काठी तासून नवी खूण कोरायची. या काठ्यांना ‘टेसल’ म्हणतात. पाण्याच्या, गायींच्या, सामुदायिक कामाच्या, अशा वेगवेगळ्या टेसल असत.

पाट सामायिक होते म्हणून टोर्बेलमध्ये सगळंच सामायिक होतं असं समजू नका. इथेच या गावाचं खरं डोकं दिसतं.

द्राक्षाचा मळा, राय नावाच्या धान्याची पट्टी, भाजीचा वाफा, वैरणीचं गवत कापायचं कुरण, घर, कोठार, गोठा हे सगळं खासगी. तेही भलतंच खासगी. वडील गेले की वाटणी मुलगे-मुली सगळ्यांत सारखी, त्यामुळे जमिनीचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे. घराचीसुद्धा मजल्यांवारी वाटणी व्हायची. खालचा मजला एका कुटुंबाचा, वरचा दुसऱ्याचा, जिना दोघांचा. एका कुटुंबाची जमीन डोंगरभर विखुरलेली: द्राक्षं खाली खोऱ्याजवळच्या गरम उतारावर, राय मधे, गवत वर. वर्षभर माणसं आणि गुरं डोंगर चढत-उतरत राहायची. विखुरलेली जमीन ऐकायला अडचणीची वाटते, पण तिचा एक फायदा होता. गारपीट, दंव किंवा दरड एका पट्टीवर आली तरी बाकीच्या वाचायच्या.

सामायिक काय होतं? सगळ्यात वरची उन्हाळी कुरणं, जंगल, पडीक जमीन, पायवाटा आणि पाट. या उन्हाळी कुरणांना तिथे ‘आल्प’ म्हणतात. आपण आल्प म्हणजे डोंगर समजतो, तिथल्या माणसाच्या तोंडी आल्प म्हणजे गुरं चारायची उंचावरची जागा. वर्षातले तीनेक महिने तिथे गवत असतं, उरलेला काळ बर्फ.

अमेरिकेतले मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग १९७०च्या दशकात टोर्बेलमध्ये राहून अभ्यास करत होते. आधी नायजेरियातल्या कोफ्यार शेतकऱ्यांवर त्यांचं काम झालेलं. चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्या आणि जुने करार त्यांनी चाळले आणि विचारलं, की एकाच गावाने काही जमीन खासगी आणि काही सामायिक का ठेवली? उत्तर तत्त्वज्ञानात नाही, गवतात आहे. ज्या जमिनीत मेहनत घातली की पीक हमखास वाढतं, खत-पाणी दिलं की फरक पडतो, ती ज्याची त्याची. जिथे एकरी उत्पन्न थोडं, भरवसा कमी, सुधारणा करून फारसं साधत नाही, वापरायला मोठा सलग पट्टा लागतो आणि वाट-कुंपण करायला पन्नास हात लागतात, ती सगळ्यांची. आल्पचे दोनशे तुकडे करून प्रत्येकाला एक दिला असता तर कुंपणं घालण्यातच उन्हाळा संपला असता. हे शेतकरी ना समाजवादी होते ना भांडवलदार. त्यांना आपली जमीन ठाऊक होती, बस.

हे नुसतं रूढीवर चाललेलं नव्हतं, सगळं लेखी होतं. जमिनीच्या व्यवहारांचा दस्तऐवज १२२४ सालापासूनचा आहे. १ फेब्रुवारी १४८३ रोजी गावकऱ्यांनी आल्प, जंगल आणि पडीक जमीन यांच्या वापराचे नियम करण्यासाठी रीतसर संघटना बांधली आणि करारावर सह्या केल्या. कोलंबस निघायला अजून नऊ वर्षं होती. पुढे या गावाची वस्ती वाढवणारा बटाटा युरोपने तेव्हा पाहिलाही नव्हता. त्या करारातलं एक कलम कडक आहे: बाहेरच्या माणसाने टोर्बेलमध्ये जमीन विकत घेतली, तरी त्याला सामायिक आल्पवर गुरं चारायचा किंवा जंगल तोडायचा हक्क मिळणार नाही. जमीन पैशाने मिळेल, गावकीत यायचं की नाही ते गाव ठरवेल. १५०७मध्ये सामायिक जमिनीच्या हद्दी लिहून ठेवल्या गेल्या. मग १५१७ साली तो नियम आला, ज्यासाठी टोर्बेलचं नाव आज घेतलं जातं.

नियम असा: हिवाळ्यात जितक्या गायी पोसता येतील त्यापेक्षा जास्त गायी कुणीही आल्पवर पाठवायच्या नाहीत.

एवढंच. वाचताना साधा वाटतो. जरा हिशेब मांडून बघू. डोंगरी गाय दिवसाला साधारण १२ ते १५ किलो सुकं गवत खाते. बर्फाचे सहा-सात महिने, म्हणजे धरा दोनशे दिवस, ती गोठ्यात उभी. एका गायीला अडीच-तीन टन वैरण लागली. ती वैरण येणार कुठून? स्वतःच्या कुरणातून, उन्हाळ्यात विळ्याने कापून, वाळवून, पाठीवर वाहून. बाहेरून गवत विकत आणून एवढा डोंगर चढवणं कुणाला परवडणार? म्हणजे ज्याचं कुरण जेवढं, तेवढ्याच त्याच्या गायी. मे महिन्यात खालच्या बाजारातून दहा गायी घ्यायच्या, उन्हाळाभर गावाच्या गवतावर चारून गुबगुबीत करायच्या आणि सप्टेंबरात विकून मोकळं व्हायचं, ही चलाखी या एका वाक्याने बंद झाली. सगळ्यांच्या मालकीच्या गवताचं माप खासगी जमिनीत सापडलं.

शिवाय नियम मोडला हे शोधायला हेर लागत नाही. कुणाच्या कोठारात किती गवत आहे आणि गोठ्यात मार्चमध्ये किती गायी हंबरतात, हे पाचशे-सहाशे माणसांच्या गावात लपत नाही. तरीही एक माणूस नेमलेला होता, ‘गेवाल्टहाबर’, आपण कारभारी म्हणू. जादा गाय पाठवणाऱ्याला तो दंड करायचा, आणि दंडाची निम्मी रक्कम त्याची. ज्याने ही तजवीज केली त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असणार. अशी कामं नुसत्या सेवाभावावर सोडली की दोन वर्षांत ‘जाऊ दे ना, आपलाच आहे’ सुरू होतं. निम्मा दंड खिशात पडणार असला की मोजणी चोख होते.

आल्पवर पोचल्या पोचल्या गायी मोजायच्या, कारण पुढचा सगळा व्यवहार त्या आकड्यावर. गुराखी सामायिक, चीज करणाराही सामायिक. उन्हाळ्याच्या शेवटी चीज वाटलं जाई ते कुणाच्या किती गायी होत्या त्या प्रमाणात. वाटा दुरुस्त करणं, हिमकड्याने मोडलेले वाडे पुन्हा उभारणं, कुरणावर शेण पसरणं, या कामाचा वाटाही बहुतेक त्याच हिशेबाने. या सामुदायिक कामाला ‘गेमाइनवेर्क’ म्हणतात. आपल्याकडच्या इर्जिकेची किंवा सावडीची आठवण होईल, पण हे ऐच्छिक नाही. आला नाहीस तर पैसे भर. जंगलाचीही अशीच शिस्त. कुठली झाडं तोडायची ती गावचे अधिकारी खुणा करून ठेवणार, मग घरांचे गट पाडून चिठ्ठ्या टाकणार. चिठ्ठीत जी आली ती तुमची. खूण नसलेल्या झाडाला हात लावायचा नाही, कारण तेच जंगल वर हिमकडा अडवून धरतं. झाड तोडणारा एकीकडे आणि हिमकड्याखाली सापडणारा दुसरीकडे, असं इथे होत नाही. दोघं एकाच घरात.

आता ही गावगाड्याची गोष्ट अर्थशास्त्रात कशी पोचली ते सांगतो. १९६८ साली गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. त्याचा युक्तिवाद सोपा. एक खुलं गायरान घ्या. प्रत्येक गुराख्याला वाटतं, आपण एक जनावर वाढवलं तर फायदा पूर्ण आपला आणि गवत कमी होण्याचा तोटा सगळ्यांत वाटला जातो. सगळेच असा विचार करतात आणि गायरान उजाड होतं. म्हणून एकतर ते खासगी करा, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या. हा विचार जगभर पसरला आणि कितीतरी सरकारांना जंगलं-कुरणं ताब्यात घ्यायला तयार कारण मिळालं.

अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ओस्ट्रॉम यांनी याला उत्तर दिलं, ते वाद घालून नव्हे, उदाहरणं गोळा करून. स्पेनचे पाट, जपानची गावजंगलं, फिलिपिन्सच्या पाणीसंस्था, आणि नेटिंग यांच्या नोंदींतून आलेलं टोर्बेल. १९९० साली त्यांनी दाखवून दिलं की तिसरा रस्ताही आहे. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम करायचे, स्वतः पहारा ठेवायचा, स्वतः दंड करायचा. तो शतकानुशतकं चाललेला आहे. हार्डिनचं गायरान बिनमालकाचं होतं, टोर्बेलचं आल्प बिनमालकाचं नव्हतं, त्याला सहाशे मालक होते. २००९मध्ये ओस्ट्रॉम यांना नोबेल मिळालं. अर्थशास्त्रातलं ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आपण म्हणत होतो ते नियम नसलेल्या सामायिक मालमत्तेबद्दल खरं आहे, असं हार्डिन यांनीही नंतर मान्य केलं.

टोर्बेलबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथे टाळ्या वाजवून थांबतात. मला ते पटत नाही. या व्यवस्थेची किंमत होती, आणि ती कुणीतरी मोजत होतं.

पहिली किंमत लग्नाची. जमीन वाढत नाही, गवत वाढत नाही, मग माणसं वाढून कसं चालेल? नोंदवह्या सांगतात की इथे लग्नं उशिरा व्हायची, दोन मुलांमध्ये अंतर बरंच असायचं आणि पुष्कळ जण आयुष्यभर बिनलग्नाचे राहायचे. भावाच्या घरात राबणारी अविवाहित आत्या, गोठ्याची जबाबदारी घेणारा अविवाहित काका हे त्या घरातले नेहमीचे चेहरे. उरलेले गाव सोडायचे. वरच्या वालिसमधून एकोणिसाव्या शतकात पुष्कळ कुटुंबं अर्जेंटिनाला गेली. सांता फे प्रांतात सान हेरोनिमो नोर्ते नावाचं गाव त्यांनीच १८५८ साली वसवलं. बटाटा आल्यावर मात्र तेवढ्याच जमिनीत जास्त पोटं भरू लागली आणि टोर्बेलचीही वस्ती वाढली. कुरणाचा नियम तोच राहिला, ताटातलं अन्न बदललं.

दुसरी किंमत बाहेरच्या माणसाची. दार घट्ट बंद होतं म्हणून घर टिकलं, हे खरंच आहे. पण दाराबाहेर कोण उभं होतं? गावात वर्षानुवर्षं राबणारा, जमीन घेतलेला, तरी ‘आपला’ नसलेला. आजही वालिसच्या गावांत दोन वेगळ्या संस्था असतात: एक सगळ्या रहिवाशांची गेमाइंडे आणि दुसरी फक्त मूळ घराण्यांची ‘बुर्गरगेमाइंडे’. जंगलं आणि आल्प बहुधा दुसरीकडे. त्यातून पासपोर्टावरचं मूळगाव एवढं जपून का ठेवलं जातं ते कळतं. एकेकाळी त्या एका शब्दाला लाकूड आणि गवत चिकटलेलं होतं. शिवाय गरीब झालात तर तुम्हाला पोसायची जबाबदारीही मूळगावाची होती. त्यामुळे नवा माणूस घेताना गाव दहादा विचार करायचं.

तिसरी किंमत बायकांची. वारसा मुलीला मुलाइतकाच, गवत कापायला विळा तिच्याच हातात, पण सभेत मत नाही. लग्न झालं की मूळगावही नवऱ्याचं लागायचं. स्विस स्त्रियांना देशपातळीवर मताधिकार मिळाला तो १९७१मध्ये, म्हणजे भारतात सगळ्या स्त्रियांनी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत दिल्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी. त्याआधी १९५९मध्ये पुरुषांनी मतदानात तो नाकारलाही होता. पण त्यातही गावाला काय करता येतं ते याच डोंगरावर दिसलं. टोर्बेलच्या वर मूसआल्प नावाची २,००० मीटरवरची खिंड आहे. ती ओलांडली की ब्युर्खेन, आणि त्याच्या शेजारी उंटरबेख. १९५७च्या मार्चमध्ये देशात एका प्रश्नावर मतदान होतं: नागरी संरक्षणाची सेवा स्त्रियांनाही सक्तीची करायची का? उंटरबेखच्या पंचांनी म्हटलं, सक्ती बायकांवर आणि मत फक्त पुरुषांचं, हे कसं? त्यांनी आपल्या गावातल्या बायकांना मत द्यायला बोलावलं. कँटनचा विरोध, राजधानी बर्नचा विरोध. तरी ३ मार्चला ३३ बायकांनी वेगळ्या पेटीत चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी काटारीना झेनहॉयझर्न यांची, गावप्रमुखांची पत्नी. ती मतं मोजणीत धरली गेली नाहीत. देशाच्या राजधानीला जे जमलं नाही ते डोंगरावरच्या एका कॅथलिक, जुनाट समजल्या जाणाऱ्या गावाने करून बघितलं, आणि तेही ‘आमच्या गावात आम्ही ठरवू’ याच जुन्या हट्टातून. ज्या हट्टाने दार बंद ठेवलं होतं, त्याच हट्टाने ते किलकिलं केलं.

टोर्बेलची शेती कुठल्या कायद्याने मोडली नाही, फिस्पच्या कारखान्याने मोडली. लोन्झा कंपनी १८९७ साली जवळच्या गांपेलमध्ये सुरू झाली आणि पुढे फिस्पला आली, कारण डोंगरातून पडणाऱ्या पाण्यावर वीज होत होती. विसाव्या शतकात डोंगरावरचे शेतकरी दिवसा कामगार झाले. पहाटे गोठा, मग कारखान्याची पाळी, संध्याकाळी पुन्हा गोठा. जर्मनमध्ये त्यांना ‘आर्बायटरबाउअर’ म्हणतात, कामगार-शेतकरी. पुढे गाय गेली, नोकरी राहिली. मॉडर्नाच्या कोविड लशीचा मुख्य घटक फिस्पच्या याच कारखान्यात बनत होता. २००७मध्ये लोचबेर्गचा नवा बोगदा झाला आणि फिस्पहून बर्न तासाभराच्या आत आलं. टोर्बेलहून निघालेला माणूस आता राजधानीत नोकरी करून रात्री घरी परतू शकतो. पूर्वी तेवढ्या वेळात गाय आल्पवरही पोचत नसे.

जुन्या गोष्टी आता जपायच्या यादीत गेल्या आहेत. पाटाने पाणी देण्याची पद्धत २०२३ साली स्वित्झर्लंड आणि इतर सहा देशांच्या नावे युनेस्कोच्या अमूर्त वारशात नोंदली गेली, त्याच वर्षी स्विस आल्पवरच्या उन्हाळी गुरचराईचीही नोंद झाली. टोर्बेलच्या लोकांनी काही जुन्या इमारती सांभाळल्या आहेत, त्यांत पाव भाजायची गावभट्टीही आहे. रायचा पाव या भागात वर्षातून दोन-तीनदाच भाजत. सगळ्या घरांनी पाळी लावून भट्टी तापती ठेवायची, कारण थंड भट्टी तापवायला लाकूड फार लागतं आणि लाकूड चिठ्ठीत आलं तेवढंच. पाव महिनोन्‌महिने टिकायचा आणि अखेरीला इतका कडक व्हायचा की तो कापायला फळीला जोडलेलं खास पातं लागे, आपल्या अडकित्त्याचा थोरला भाऊ.

आल्प अजून आहे, गायीही जातात, पण पूर्वीइतक्या नाहीत. काळ्या नाकाच्या, गुंडाळलेल्या शिंगांच्या वालिसच्या मेंढ्या मात्र या खोऱ्यांत भरपूर दिसतात. पुष्कळ जणांना त्या नोकरी सांभाळून पाळता येतात. दक्षिणेकडच्या आल्प्समध्ये आता जास्त चराईपेक्षा कमी चराईची चिंता आहे. जनावरं कमी पडली की गवतात हिरव्या आल्डरची झुडपं घुसतात, त्यांच्या मागून झाडं येतात, आणि वीसेक वर्षांत कुरण कुठे होतं ते सांगावं लागतं. मग झुडपं तोडायला सामुदायिक कामाचा दिवस ठरतो. शनिवारी, कारण बाकीचे दिवस सगळे कामावर असतात.